चालून राहिली

सव्वापाच किलोचं पितळ गळ्यात,
पट्ट्याखाली घामोळं.
अजनीच्या क्वार्टरमधला कूलर गरम हवाच फेकतो,
तरी फ्रँकलिन सर म्हणतात, बंद कर,
त्याचा सूर आपल्याशी जुळत नाही.

टोनी हैदराबादला गेला, डबल बेससकट,
दोघांची दोन तिकिटं काढून.
उरले ड्रमवर नासिर, कीबोर्डवर जोएल
आणि कपाटावरचा हा बॅरिटोन,
मोमिनपुऱ्यातल्या कुठल्याशा बँड पार्टीनं विकलेला.
त्याच्या भोंग्यात अजून
कुणाच्या तरी वरातीची चमकी चिकटून आहे.

बेस कोण धरणार?
सगळे माझ्याकडे पाहून राहिले.
मी मीटर रीडर, दिवसाला एकशे ऐंशी घरं.
सर म्हणाले, चालायचं तुला काय शिकवायचं.

खोटं होतं ते.
पहिला महिना मी नुसती उभी होती.
सा सा सा सा, एकाच दारात, बेल दाबत.
"मेश्राम, आत जा
नाही तर पुढे जा!"

एका मात्रेला एक पाऊल. चार पावलांचं अंगण.
जोएलचा बी-फ्लॅट माझ्या बोटांखाली जी होतो,
मी त्याला बाबांच्या पेटीतला सा म्हणते.
सा, ग, प, मग तीव्र म,
तिथून घसरून शुद्ध मध्यमाच्या पायरीवर.
तो तीव्र म कुणाच्याच घरचा नाही.
ते शेजारचं फाटक.
तिथं हात लागला
की कळतं, आपल्याला कुठं जायचं होतं.

इंदोरा, बेझनबाग, जरीपटका,
युनिट लिहिता लिहिता ओठ हलतात माझे.
बायांना वाटतं मी बिल वाढवायचा मंत्र म्हणून राहिली.

तारेला फुफ्फुसं नसतात.
मला दोन आहेत, त्यातलं एक
लहानपणच्या न्यूमोनियानं जरा कमी.
खालचे स्वर हवा अशी पितात
की आठव्या बारला डोळ्यांपुढे काजवे.
"मग सोड एखादं पाऊल," सर म्हणाले.
"तिसरं सोड. कधी दुसरं.
पहिलं नको. चौथं तर मुळीच नको,
चौथ्याशिवाय पुढचं घर सापडत नाही."
एवढंसं सोडायला शिकण्यात
अख्खा हिवाळा गेला माझा.

मेचा शेवटचा रविवार.
रेल्वे इन्स्टिट्यूटचा हॉल, साठ खुर्च्या, तेवीस माणसं.
दुसऱ्या गाण्याच्या मध्यात लाइट गेली.
कीबोर्ड मेला, माइक मेला,
पंखे एकेक पातं मोजत थांबले.
मागून कुणी तरी बोर्डाला शिवी हासडली,
म्हणजे मलाच.

मी थांबायचंच विसरली.
नासिरनं झांज हलती ठेवली
आणि मी चालून राहिली.
पुण्याची नणंद हसते आमच्या या बोलण्याला.
चालतेस की राहतेस वहिनी, एक काय ते ठरव!
त्या काळोखात ठरवता आलं नाही.
पाय हलत होते
आणि मी तिथंच होती.

किती फेऱ्या झाल्या, मोजल्या नाहीत.
मोजल्या. सात.
आठवीच्या सातव्या बारला लाइट आली,
कीबोर्ड जागा व्हायला दोन बार लागले,
आणि जोएलचा हात
बरोबर त्या उंबऱ्यावर पडला.
टाळ्या झाल्या,
पंखे सुरू झाले म्हणून.

"चौथ्या फेरीत घाई केली तू," सर म्हणाले,
आणि पाणी प्यायले.

मी नळी उलटी केली. थुंकीचं पाणी गळालं,
त्यात चमकीचा एक कण.

सोमवारी साडेसातला टेका नाका.
पहिलंच घर. मीटर आत,
कुत्रं बाहेर,
मी शेजारच्या फाटकाशी.